अप्पांनी श्रावणात सोडलेली गोष्ट

काजळी नाकात गेली की दोन दिवस शेंबडातून निघत राहते. सोलापूरच्या मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवायला लागल्यावर मी शिकलेली पहिली गोष्ट ही. पितळेच्या ड्रमवर चकचकीत कागद गुंडाळायचा, तो धुराच्या ज्योतीवर फिरवून काळा करायचा, आणि मग यंत्राची सुई त्या काळ्यावर पांढरी रेघ ओढत जाणार. ती रेघ टिकावी म्हणून कागद नंतर लाखेच्या रोगणात बुडवून दोरीवर वाळत टाकायचा. आमच्या विभागात दोऱ्या बांधलेल्या असत आणि त्यांवर असे कागद लोंबत. एकदा एक नवा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, इथं कुणाचं सुतक आहे का?" मी त्याला वर्गाबाहेर काढलं. तेव्हा मला राग फार लवकर यायचा. अजूनही येतो, पण आता बाहेर काढायला वर्ग नाही.

ते आणीबाणीचं वर्ष होतं. मी एकतिसाव्यात होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि होईल असं आता नातेवाईकही म्हणत नव्हते. प्रबंधासाठी मी घेतलेला विषय विभागात कुणालाच फारसा कळत नव्हता. काम साधं होतं. गिनीपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा कोमट खारट पाण्यात टांगायचा, त्याला ठरावीक अंतरानं विजेचा हलका झटका द्यायचा. प्रत्येक झटक्याला तुकडा आकसतो आणि सुई वर उडते. मग पाण्यात मॉर्फिनचे थेंब टाकायचे. सुईच्या उड्या बुटक्या होत जातात, आणि शेवटी रेघ जवळजवळ सपाट होते.

हे का होतं, याबद्दल परदेशात तेव्हा धमाल चालली होती. मॉर्फिन पेशीच्या आत शिरून काही करत नाही. पेशीच्या आवरणावर खास त्याच्यासाठीच असावं असं एक प्रथिन असतं, रिसेप्टर, त्यावर ते येऊन बसतं. आत एक एन्झाइम पेशीचे निरोप तयार करत असतं, ते मॉर्फिन बसलं की मंदावतं. बाहेरच्या प्रथिनाचं बसणं आतल्या एन्झाइमला कोण कळवतं? मध्ये आणखी एखादं प्रथिन असावं असा नुसता संशय होता. त्याला धड कुणी पाहिलेलं नव्हतं. ही सगळी नियतकालिकं बोटीनं येत, तीन-चार महिने शिळी होऊन. वाचून झालं की मला कुणाशी तरी बोलावंसं वाटायचं. विभागप्रमुखांना विचारलं तर ते म्हणायचे, "छान, छान. परीक्षेचे पेपर तपासून झाले का?"

म्हणून मी ते घरी अप्पांना सांगायची.

अप्पा म्हणजे माझे वडील. बार्शीच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं मास्तर होते, गणित आणि शास्त्र शिकवायचे. आई जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी एकुलती एक. आदल्या वर्षी त्यांच्या प्रोस्टेटचा कॅन्सर पाठीच्या मणक्यांत उतरला. तेव्हा मी त्यांना एस.टी.नं सोलापुरात, माझ्या दोन खोल्यांत आणलं. रेडिएशन झालं, थोडं बरं वाटलं, मग पुन्हा दुखायला लागलं. हाडांतलं ते दुखणं वाईट असतं. शेवटी सर्जननी मॉर्फिनचं मिश्रण सुरू केलं. बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली असे. पट्टीवरचा एक दात म्हणजे एक डोस, दिवसातून चार वेळा. मी कॉलेजात असताना दुपारचा डोस अप्पा स्वतः घेत. पहाटेचा, संध्याकाळचा आणि रात्रीचाही स्वतःच घेत, कारण स्वतःचं काम दुसऱ्याला सांगणं त्यांना आवडत नसे.

पहिले दोन महिने सुखाचे गेले. मग डोस पुरेना. वाढवला. पुन्हा पुरेना, पुन्हा वाढवला. मला यात काही विशेष वाटलं नाही, पण बाकीच्यांना वाटलं. माझी आत्या बार्शीहून भेटायला आली होती. तिनं बाटली हातात घेऊन विचारलं, यात काय आहे म्हणून. मी शहाणी, खरं सांगून बसले. जाताना दारात चपला घालत ती म्हणाली, "आप्पाला आता त्याची चटकच लागली की गं. जन्मभर पोरांच्या खिशातली तंबाखू काढून घेतली, आन् आता बघ." तिला वाटलं ती हळू बोलतेय. आमच्या आत्याला हळू बोलता येत नाही.

त्यानंतर बार्शीचं कुणी आलं नाही. तिनं काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल. अप्पांचे जुने विद्यार्थी, जे आधी रविवारी केळी-पेरू घेऊन यायचे, तेही येईनासे झाले. अप्पांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. फक्त रविवारी सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते खाटेवर बसून राहायचे. अकरा वाजले की सदरा काढून, घडी करून ठेवायचे. मला तो सदरा बघवत नसे. मी मुद्दाम रविवारी सकाळी कॉलेजात जायला लागले, प्राण्यांना खायला घालायचं निमित्त काढून.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "यंदा मीही काहीतरी सोडावं म्हणतोय."

आमच्या घरात श्रावणात प्रत्येकानं एक गोष्ट सोडायची पद्धत. आजोबांपासूनची. आणि काय सोडलं त्याचं नाव कुणाला सांगायचं नाही. सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करताना मनातल्या मनात देवाला सांगायचं, बस. नाव फुटलं की लोक आग्रह करणार, आणि आग्रहानं नेम मोडणार, असं त्यामागचं गणित. लहानपणी आम्ही पोरं एकमेकांचं सोडलेलं ओळखायचा खेळ खेळायचो.

मी हसून म्हणाले, "तुमच्याकडं सोडण्यासारखं उरलंय काय अप्पा? चहा सोडू नका म्हणजे झालं. मला एकटीला चहा करायचा कंटाळा येतो."

"चहा नाही," ते म्हणाले.

मी ओळखायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात प्रयोग होता. नुसता मॉर्फिनचा परिणाम नव्हे, तर मॉर्फिनची सवय झालेल्या आतड्याचं काय होतं, ते मला बघायचं होतं. नव्या अंकात वाचलं होतं की पेशी मॉर्फिनमध्ये दिवसचे दिवस ठेवल्या तर त्या गप्प बसत नाहीत. मंदावलेल्या एन्झाइमची कसर भरून काढण्यासाठी त्या एन्झाइमच वाढवतात, इतकं की मॉर्फिन असूनही काम पूर्वीसारखं सुरू होतं. म्हणून मग जास्त मॉर्फिन लागतं. आणि अशा पेशींवरून मॉर्फिन एकाएकी काढून घेतलं, की ते वाढवून ठेवलेलं एन्झाइम मोकाट सुटतं. मी ते तीनदा वाचलं. आतड्यात नेमकं तेच घडत असेल का हे ठाऊक नव्हतं, पण मी दोन गिनीपिगना रोज मॉर्फिन टोचायला सुरुवात केली.

श्रावणाच्या दुसऱ्याच दिवशी अप्पांना सर्दी झाली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, सारख्या जांभया. मी सुंठीचा काढा दिला. हातावर काटा आलेला दिसला म्हणून शाल पांघरली. मॉर्फिननं त्यांचं पोट महिनोन् महिने घट्ट झालेलं होतं, इसबगोलानंही हलत नव्हतं. ते अचानक मोकळं झालं, दिवसातून पाच-सहा वेळा. मी चक्क खूश झाले. म्हणाले, "चला, एक तरी काम मार्गी लागलं."

पण दुखणं वाढत होतं. ते कण्हत नसत. खाटेच्या लोखंडी दांडीला धरून बसत, बोटं पांढरी पडेपर्यंत. झोप नाही. "औषध घेतलंत ना?" विचारलं की बाटलीकडे बोट दाखवत. बाटली बघितली की दर वेळी एक दात खाली उतरलेला. म्हणजे औषध पोटात जातंय आणि तरीही पुरत नाही, असा सरळ हिशेब मी मांडला. आजार पुढे सरकलाय. मी सर्जनकडे गेले. ते म्हणाले, "आता इंजेक्शन सुरू करा. इतकं तोंडानं घेऊन भागत नाही म्हणजे चांगला मोठा डोस लागेल." त्यांनी चालू डोसाच्या मानानं दुपटीचा आकडा लिहून दिला. शनिवारी दुपारी मी ॲम्प्यूल घेऊन ती पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवली. घरी गेल्यावर द्यायची होती. तत्पूर्वी प्रयोग उरकू म्हटलं.

सवय लावलेल्या गिनीपिगचं आतडं मी मॉर्फिन घातलेल्या पाण्यातच टांगलं होतं. सुई शांतपणे, एकसारख्या उड्या मारत होती, जणू पाण्यात काही नाहीच. मग मी ते पाणी सोडून दिलं आणि स्वच्छ पाण्यानं तीनदा धुतलं. थोडा वेळ काही नाही. मग तुकडा आपण होऊन आकसायला लागला. झटका नाही, काही नाही, तरी पीळ घातल्यासारखा. सुई कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेली. आतड्याला कळ येताना मी डोळ्यांनी बघत होते. मला आनंद झाला. हेच तर हवं होतं. मी पेन्सिलनं कागदाच्या कडेला वेळ लिहिली आणि पुढे लिहिणार, "औषध काढून घेतल्यावर...", तेवढ्यात हात थांबला.

पोट मोकळं झालेलं. जांभया. काटा. डोळ्यांतलं पाणी.

तिसऱ्या वर्षाच्या पोरांना मी हीच लक्षणं फळ्यावर लिहून देत असे आणि पाठ करून घेत असे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा चार दिवस माझ्या घरात खाटेवर बसलेला होता, आणि मी त्याला सुंठीचा काढा पाजत होते. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. अप्पांनी औषध थांबवलं असेल, तर त्यांच्या शरीरानं सवय सोडायला सुरुवात केली असणार. पूर्वीच्या डोसाच्या दुप्पट आज टोचलं असतं तर त्यांचा श्वास थांबला असता. मी, औषधशास्त्राच्या बाईनं, तो थांबवला असता. ड्रम तसाच फिरत ठेवून मी बाहेर पडले आणि टांगा केला. टांगेवाला म्हणाला, "बाई, घोडं जेवलं न्हाई अजून, जरा दमानं घेतो." मी त्याच्यावर इतकी ओरडले की त्यानं चाबूक उचलला.

अप्पा खाटेवर दांडी धरून बसले होते. मी दारातूनच विचारलं, "अप्पा, श्रावणात काय सोडलंत?"

"नाव सांगायचं नसतं."

"मी सांगते. मोरीत ओतता ना? दर वेळी एक दात?"

त्यांनी मान खाली घातली. मी त्यांना जन्मात कधी मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. "चार दिवस झाले," ते म्हणाले, "आणि बघ माझी काय दशा झाली. म्हणजे व्यसनच होतं. दारुड्याची दारू सुटली की तो असाच थरथरतो. तुझी आत्या बोलली ते खरंच होतं. महिनाभर काढला की सुटेल. तू मध्ये पडू नकोस."

मी खाली फरशीवर बसले. रागानं बोलून उपयोग नव्हता. ते मास्तर होते, त्यांना शिकवूनच पटवायला हवं होतं. आणि पटलं नाही तर ते असेच दांडी धरून, एकेक दिवस मोजत मरणार होते.

"अप्पा, वर्गात मास्तर येऊन खुर्चीवर बसले की पोरं गप्प होतात. बरोबर? पण मास्तर स्वतः उठून कुणाचं तोंड दाबत नाहीत. ते नुसते बसतात. मॉनिटर उठतो आणि पोरांना गप्प करतो. तुमचं औषध म्हणजे ते मास्तर. खुर्ची म्हणजे पेशीवरचं प्रथिन. पोरं म्हणजे आतलं एन्झाइम."

"आणि मॉनिटर?"

"तो अजून कुणी धड पाहिलेला नाही. असावा असं म्हणतात."

"बरं. पुढं."

"आता मास्तर वर्गातून हललेच नाहीत, महिनोन् महिने तिथंच बसले, तर?"

अप्पा दुखण्यातही किंचित हसले. "पोरं सोकावतात. मास्तरांदेखत बोलायला लागतात."

"नुसती सोकावत नाहीत. वर्गाचं काम तर चालायला हवं, म्हणून आणखी पोरं भरती होतात. मग तेवढ्यांना गप्प करायला एक मास्तर पुरत नाही, दोन लागतात. आणि असं असताना एके दिवशी सगळे मास्तर एकदम उठून निघून गेले तर?"

"वर्ग डोक्यावर घेतील."

"पोरं वाईट म्हणून?"

त्यांनी मनातल्या मनात सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं, हे मला दिसत होतं. उत्तरपत्रिका तपासताना त्यांचे ओठ असेच हलायचे. "नाही," ते म्हणाले, "पोरं आपलं काम करतायत. यात हाव कुठंच नाही."

"कुठंच नाही. आतड्याच्या एका तुकड्याचा जीव तो केवढा, त्यालाही मी आत्ता तसंच आकसताना बघून आले. त्याला कसली आलीय चटक?"

मला वाटलं, जिंकले. मी उठणार होते, तेवढ्यात ते म्हणाले, "मग अव्वाला दिलं असतं तरी चाललं असतं."

अव्वा म्हणजे माझी आई. ती गर्भाशयाच्या कॅन्सरनं बार्शीत गेली, तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होस्टेलवर होते. परीक्षा होती म्हणून मला उशिरा कळवलं. पोहोचले तेव्हा माती झालेली होती. शांतपणे गेली, असं अप्पांनी मला सांगितलं होतं.

"डॉक्टर म्हणाले होते मॉर्फिया देऊ," अप्पा सांगायला लागले. "मी नको म्हणालो. म्हटलं, माझ्या घरात अफू येणार नाही, हिला मरताना व्यसनी करू नका. तीन आठवडे चाललं. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून ती पदर दातात धरायची. पदराला भोकं पडली होती. आणि मग माझ्यावर वेळ आली तेव्हा मी पहिल्याच दिवशी बाटलीला तोंड लावलं. तिला जे दिलं नाही ते मी कसं घेऊ? म्हणून सोडलं."

मला त्यांचा राग आला. सरळ सांगते, दया आली नाही, राग आला. समोर दुखण्यानं वाकलेला म्हातारा माणूस होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो भोकं पडलेला पदर. मी स्वयंपाकघरात गेले. स्टोव्हला पंप मारला, पातेल्यात काचेची सिरिंज आणि सुया उकळायला ठेवल्या. पाणी उकळेपर्यंत ओट्याला धरून उभी राहिले. या गोष्टीबद्दल मी जगात कुणाशी बोलणार होते? आई नाही, भावंड नाही. जे एक माणूस मला होतं, ते पलीकडच्या खोलीत होतं, आणि राग त्याच्यावरच होता.

मग हिशेब केला. सर्जननी लिहिलेला आकडा नव्हे. चार दिवसांच्या खंडानंतर सुरुवातीचा, लहान डोस. ॲम्प्यूलमधलं थोडंसंच ओढून घेतलं, बाकीचं टाकून दिलं. सिरिंज घेऊन आत गेले. अप्पांनी सदऱ्याची बाही वर केलीच होती.

"थांब," ते म्हणाले. सिरिंजमधल्या पाण्यासारख्या औषधाकडे त्यांनी चष्मा नीट करून पाहिलं. "तिला किती लागलं असतं?"

वर्गात कुणी प्रश्न विचारला तर खोटं उत्तर द्यायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. तरीही खोटं बोलता आलं असतं. तिचा आजार वेगळा होता, तिला उपयोग झाला नसता, काहीही सांगता आलं असतं. बापावर माया असणाऱ्या कुठल्याही मुलीनं सांगितलं असतं. पण राग अजून उतरला नव्हता.

"सुरुवातीला याच्या निम्मं," मी म्हणाले. "ती वजनानं हलकी होती."

"एवढंसंच?"

"एवढंसंच."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि हात माझ्यापुढे धरला. मी इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं त्यांची बोटं दांडीवरून सुटली आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना झोप लागली. मी शेजारी बसून त्यांचे श्वास मोजत राहिले.

त्यानंतर ते दिवाळीपर्यंत जगले. एकही डोस चुकवला नाही, वाढवला तर का वाढवला हे विचारलं नाही, आणि दुखतंय का विचारलं की "नाही" म्हणायचे. ते खरं होतं. औषधानं आपलं काम चोख केलं. पण दर वेळी मी सिरिंज घेऊन आले की ते आधी भिंतीकडे वळायचे आणि मग हात पुढे करायचे. माझ्याकडे बघून त्यांनी एकदाही औषध घेतलं नाही. मला कितीदा म्हणायचं होतं, अप्पा, इकडं बघा, मी तेव्हा रागात बोलले. मी म्हटलं नाही. ते गेल्यावर घर रिकामं झालं, पण भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीशी बसून रोज चार वेळा इंजेक्शन देताना मी जेवढी एकटी होते, तेवढी पुन्हा कधी झाले नाही.